लोखंडे सरांना बसलेली थप्पड

'सैराट' मी पहिल्यांदा पाहिला तो २०१६ सालच्या मे महिन्यात, तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या छताच्या थिएटरात. बसायला जागा नव्हती, माणसे भिंतीला टेकून उभी होती. 'झिंगाट' लागले तेव्हा पडद्यापुढे पोरे नाचली, चिल्लर उधळली गेली. हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्या दिवशीचा दुसराच एक आवाज अजून ऐकू येतो. चित्रपटात पाटलाचा मुलगा प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो. त्या क्षणी माझ्या मागच्या रांगेतून शिट्टी आली. एकच, पण जोरकस. मी वळून पाहिले नाही. त्या रांगेत माझ्याच वर्गातली मुले बसलेली असण्याचा संभव होता.

तेव्हा मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होतो. चित्रपट येण्याच्या दोनतीन महिने आधी संस्थेच्या एका संचालकाच्या मुलाला मी हजेरीपटावर सलग गैरहजर लावले होते. मला कोणी मारले नाही. पुढच्या आठवड्यात वेळापत्रकातले माझे दोन तास कमी झाले, आणि कार्यालयातल्या एका वयस्क लिपिकाने आपुलकीने सांगितले, "सर, कशाला लावताय त्याचा खाडा? आपल्याला परवडतं का?" नंतरच्या महिन्यात मी त्या मुलाला हजर लावले. हे लिहायला मला इतकी वर्षे लागली. या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही, एवढे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

लोखंडे सरांचा तो प्रसंग काही मिनिटांचा आहे. मार खाल्लेल्या माणसालाच पाटलाच्या दारी जावे लागते आणि मारणारा कोण आहे याची ओळख त्यालाच करून दिली जाते. शिक्षणसंस्था, साखर कारखाना, पंचायत समिती ही एकाच वाड्याची दालने कशी असतात हे श्री. नागराज मंजुळे यांनी तेवढ्यात दाखवले. पण कथा तिथे थांबत नाही, तिला आर्ची आणि परश्याकडे जायचे आहे. मी मात्र थिएटरबाहेर पडलो तो एकच प्रश्न घेऊन: दुसऱ्या दिवशी लोखंडे सर वर्गावर गेले तेव्हा काय झाले असेल?

गेल्या दहाबारा वर्षांत आपल्या जगण्याशी नाते सांगणारे जे लोकप्रिय चित्रपट आले, त्यांना मी हाच प्रश्न विचारीत आलो आहे. घाव दाखवणे आता चित्रपटाला चांगले जमू लागले आहे. ज्याला घाव बसला तो दुसऱ्या दिवशी उठून काय करतो, हे दाखवणे फार थोड्यांना जमले. आपल्या बैठकांत या चित्रपटांवर चर्चा होते ती दोन टोकांना. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की काही कार्यकर्ते चित्रपट आपला म्हणून मोकळे होतात. गाणी आहेत, कोटींचा धंदा झाला, म्हणजे तो बाजाराचा, असे म्हणून दुसरे मोकळे होतात. चित्रपट नीट पाहण्याचे कष्ट दोघेही वाचवतात.

जुना हिशेब थोडक्यात मांडतो. १९३६ साली 'अछूत कन्या' आला. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण होऊ न शकलेले बाबासाहेबांचे भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय आहे, असे बाबासाहेबांनी त्यात सांगितले. शास्त्रांचे प्रामाण्य मोडल्याखेरीज लोक तो स्वीकारणार नाहीत, हेही सांगितले. चित्रपटाने सोपी वाट काढली. ब्राह्मण तरुणावर प्रेम करणारी कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जातात. 'सुजाता'तली (१९५९) मुलगी जगते, परंतु त्यासाठी तिला स्वतःचे रक्त देऊन सवर्ण आईचा जीव वाचवावा लागतो. 'सैराट'च्या शेवटीही मरणच आहे. मग ऐंशी वर्षांत बदलले काय? माझ्या मते, हे मरण कोणाला पवित्र करीत नाही. पाटलाची लेकही मरते, तिला तिचीच माणसे मारतात, आणि मागे रक्ताची पावले उमटवीत चालणारे मूल राहते. संगीत बंद होते. ज्या थिएटरात शिट्टी वाजली होती, तिथे त्या वेळी खुर्च्यांचा आवाजही नव्हता.

मात्र 'सैराट'चे खरे बळ मला शेवटात वाटत नाही. ते आहे पुष्कळांना कंटाळवाण्या वाटलेल्या उत्तरार्धात. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, पाण्याच्या बाटल्यांचा कारखाना. वाड्यात वाढलेल्या आर्चीला संडासाला जाणे अवघड होते. परश्या संशय घेतो, तिच्यावर हात उगारतो. दलित नायक म्हणून दिग्दर्शकाने त्याला देव्हाऱ्यात बसवले नाही, याचे मला समाधान वाटले. पळून गेल्याचा दुसरा दिवस, तिसरा दिवस, महिना, वर्ष असे सगळे तिथे आहे. उणीव आहे ती पूर्वार्धात. परश्या खेळतो, पोहतो, कविता करतो, पण आपल्या जातीविषयी त्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कळत नाही. ज्याला गावात राहायचे असते त्याला ते दिवसातून दहा वेळा मोजावे लागते. पोरांना चित्रपटाचा पूर्वार्ध पाठ झाला तो कदाचित यामुळेच. त्याच वर्षी ऑगस्टपासून मराठा मोर्चे निघाले आणि त्यांच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा विषय आला. आमच्या गॅदरिंगमध्ये त्या वर्षीही 'झिंगाट'वर नाच झालाच, सगळ्या जातींच्या मुलांचा, एकत्र.

हिंदीत त्याचा 'धडक' (२०१८) झाला. कथा उदयपूरला गेली, पोशाख उजळले, आणि जात इतकी पुसट झाली की ती श्रीमंत-गरिबीची गोष्ट वाटावी. शेवटी मुलगा आणि मूल मरतात, मुलगी जगते. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

'फँड्री'कडे मात्र मागे वळले पाहिजे. तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच डुक्कर धरायला धावणारे जब्याचे कुटुंब जागच्या जागी थिजते आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई दिसतात. मराठी पडद्यावर इतके कडवट आणि इतके नेमके चित्र मी दुसरे पाहिले नाही. माझ्या वडिलांनी हा चित्रपट मोबाइलवर पाहिला. ते हयातभर लग्नात, जत्रेत हलगी वाजवत आले. जब्याच्या हातात हलगी पाहून ते म्हणाले, "ह्या पोराचा हात खरा हाय. शिकवून आणलेला न्हाय." ते बरोबर होते, तो मुलगा मुळात हलगी वाजवणाराच आहे. जब्याने शेवटी भिरकावलेला धोंडा प्रेक्षकाच्या कपाळावर येतो, हेही सर्वांनी लिहिले आहे. पण धोंडा मारल्यावर संध्याकाळी जब्या कुठे गेला? प्रदर्शनानंतर दोन महिन्यांनी, एप्रिल २०१४ मध्ये, नगर जिल्ह्यातील खर्डा येथे सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ साली त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ कलेचा वाटत नाही.

फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. तमिळमध्ये डुकराला पन्री म्हणतात. कैकाड्यांची बोली तिकडच्या कुळातली आहे. मी हे सांगतो ते अशासाठी, की माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तमिळ चित्रपटांत मिळाले, आणि तो प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आधी 'जय भीम' (२०२१). नाव आपले, अभिवादन आपले. खोट्या चोरीच्या आळात कोठडीत मारला गेलेला आदिवासी राजाकन्नू, त्याची गरोदर पत्नी सेंगेनी आणि त्यांच्यासाठी लढणारा वकील. १९९३ सालच्या खऱ्या खटल्यावर तो बेतला आहे, आणि वकील के. चंद्रू यांनी तो खरोखरच लढवला. तेव्हा वकील हा कल्पित तारणहार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी चित्रपट दुसरा दिवस त्याच्या हवाली करतो. कॅमेरा त्याच्या चालण्याला, त्याच्या काळ्या कोटाला भुलतो. कोठडीतला मार इतका वेळ दाखवला आहे की पाहणाऱ्याला काही काळाने आपल्या दयेचेच कौतुक वाटू लागावे. एवढे सगळे असूनही त्यात एक प्रसंग आहे. ठाण्यातून सुटलेली सेंगेनी पोलिसांच्या जीपमध्ये बसायला नकार देते. ती रस्त्याने चालत राहते आणि जीप तिच्या मागून रांगत येते. न्यायालयातल्या साऱ्या युक्तिवादांपेक्षा मला ते चालणे मोठे वाटते. त्या वेळी ती कोणाची अशील नाही. हिंदीतल्या 'आर्टिकल १५'मध्ये (२०१९) असे कोणी चालत नाही. तिथे ब्राह्मण अधिकाऱ्याला जात म्हणजे काय हे समजण्यासाठी आपल्या मुलींना मरावे लागते.

आणि मग मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८). हा चित्रपट म्हणजे सगळा दुसरा दिवसच आहे. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयात खेड्यातला परियन येतो. त्याला इंग्रजी येत नाही. वर्गात त्याची हेटाळणी होते. एका सवर्ण मुलीशी त्याची मैत्री जमते आणि तिच्या घरचे त्याचा जीव घ्यायला उठतात. परियन पुन्हा वर्गात येतो. पुन्हा मार खातो, पुन्हा येतो. प्राचार्य स्वतः त्याच वाटेने आलेले आहेत, म्हणून ते त्याला समजूत घालत नाहीत, लढ म्हणतात. लोखंडे सरांना असा प्राचार्य मिळाला असता तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. शेवटी मुलीच्या बापासमोर बसून परियन बोलतो. तो त्याला मारीत नाही आणि माफही करीत नाही. टेबलावर चहाचे दोन ग्लास राहतात, मध्ये मोगऱ्यासारखे फूल. काही मित्रांनी याला माघार म्हटले. मला ते पटत नाही. समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडून त्याची वाट पाहणे हे धोंडा मारण्याइतकेच अवघड आहे. ज्याला रोज त्याच गावातून एसटीने जायचे आहे त्याला ते कळते.

या चित्रपटात परियन महाविद्यालयात प्रथम भाड्याचा बाप घेऊन येतो. खरा बाप लोकनाट्यात बाईचे सोंग घेऊन नाचणारा. पुढे तो येतो तेव्हा पोरे त्याचे धोतर फेडून त्याला रस्त्यावर पळवतात. अकरावीच्या प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'शेतमजूर' लिहिले होते. ते खोटे नव्हते. शेतातही ते जातच. पण वर्गमित्राच्या भावाच्या वरातीत ते वाजवीत होते तेव्हा मी पलीकडच्या गल्लीने घरी गेलो. वडिलांना हा चित्रपट मी अजून दाखवलेला नाही.

'धडक २' (२०२५) हे याच चित्रपटाचे हिंदी रूप. 'धडक'ने जात पुसली होती, सात वर्षांनी त्याच नावाच्या चित्रपटाने ती उच्चारली, ही प्रगती मी मान्य करतो. ती सुखासुखी झाली नाही. परिनिरीक्षण मंडळाने त्यात सोळा बदल करायला लावले. त्याच वर्षी 'फुले' हा चित्रपट जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, यायचा होता. तो २५ एप्रिलला आला. त्यातून मांग, महार, पेशवाई हे शब्द काढायला सांगण्यात आले, आणि गुलामीची तीन हजार वर्षे मोघम 'कित्येक वर्षे' करण्यात आली. चित्रपट म्हणून तो पाठ्यपुस्तकी आहे. माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, इतिहासाला उद्देशून बोलतात. पण त्या कात्रीचा मला राग आला. फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला तो मांग-महारांच्या दुःखाविषयी, आणि शीर्षकात ते दोन्ही शब्द होते. चौदा वर्षांच्या मुलीला जो शब्द लिहिता आला, तो एकशे सत्तर वर्षांनी मंडळाला ऐकवला नाही. तो माझ्या जातीचा शब्द आहे. माझ्या दाखल्यावर तो शासनानेच लिहून दिला आहे.

दाखल्यावरून 'झुंड' (२०२२) आठवतो. त्यात अमिताभ बच्चन यांच्या बोराडे सरांना न्यायालयात लांबलचक भाषण करावे लागते आणि नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना मुकाट ऐकावे लागते. ती पोरे मुकाट बसणारी नाहीत, हे आधीच्या दोन तासांत मंजुळ्यांनीच दाखवलेले असते. जयंतीचा नाच त्यांचा स्वतःचा आहे. तिथे कोणी शिकवायला आलेले नाही. पण मला सर्वांत आवडली ती पासपोर्टासाठी ओळखीचा कागद शोधत बापाबरोबर दारोदार फिरणारी मुलगी. तिची कथा मूळ कथेला काहीशी सोडून आहे, चित्रपट तिच्यामुळे लांबतो, समीक्षकांनी तशी तक्रारही केली. माझ्या विद्यार्थ्यांत मात्र या प्रसंगावर कोणालाच काही समजावून द्यावे लागले नाही. जातपडताळणीच्या खिडकीपुढे त्यातले निम्मे उभे राहून आले आहेत.

आता मी कायम झालो आहे. मागच्या सत्रात बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला साहित्य आणि चित्रपट हा घटक शिकवताना 'सैराट'वर बोललो. शेवटच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, त्या लोखंडे सरांनी नोकरी सोडायला पायजे होती का?" मी म्हणालो, आधी तू सांग. तास संपला तरी वाद चालू होता. पुढच्या आठवड्यात तो प्रसंग वर्गात प्रत्यक्ष दाखवावा म्हणून प्रोजेक्टरसाठी मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात चित्रपटाचे नाव आणि प्रसंग दोन्ही स्पष्ट लिहिले. अर्ज संस्थेच्या कार्यालयात आहे. तो लिपिक आता निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या तरुणाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि आवक क्रमांक टाकून पोच दिली.