गावाची भीती कोणी वाहिली?

साथीच्या काळातले मनाचे आजार आणि मानसिक आधार या विषयावर २०२० पासून मराठीत जे लेखन झाले, ते मी जमेल तसे वाचत आलो आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, तज्ज्ञांच्या पुस्तिका, सरकारी पत्रके, दिवाळी अंकांतले परिसंवाद. हे लेखन सद्‌हेतूचे आहे, त्याने काहींना धीरही दिला असेल. परंतु माणसाविषयी काही म्हणू पाहणारे लेखन म्हणून ते तपासायला घेतले की एक गोष्ट लपत नाही. त्यातला माणूस नांदूरघाटचा नाही.

केज तालुक्यातले हे माझे गाव मी उदाहरणाला घेतो. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचे नाव इथे चालले असते. दिवाळीच्या आगेमागे इथल्या वस्त्या रिकाम्या होतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कारखान्याच्या आसऱ्याला उभी केलेली पाचटाची कोपी, असे अर्धे वर्ष जाते. आता या माणसासमोर त्या काळातले सल्ले ठेवा. घरातच राहा. दिनचर्या आखा. छंद जोपासा. घरच्यांना वेळ द्या. सकारात्मक राहा. या वाक्यांचे व्याकरण पाहा. प्रत्येक क्रियापद आज्ञार्थी आहे आणि प्रत्येकाचा कर्ता एकटा आहे. या लेखनात 'घर' म्हणजे वेगवेगळ्या खोल्या असलेली वास्तू, आणि 'मन' म्हणजे त्या वास्तूतली आणखी एक खोली, जी मालकाने रोज झाडून स्वच्छ ठेवायची. ती अस्ताव्यस्त झाली तर दोष मालकाचा. पहाटे तीनला उठून थळात शिरणाऱ्याला दिनचर्या आखून देण्याची गरज नसते, ती मुकादमाने आखलेली असते. (त्या काळात 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द भीतीचाही होता आणि उपदेशाचाही. त्याची गंमत कोणा पांढरपेशा विनोदी लेखकाला सुचली असती, तर मी त्याला गुण दिले असते.)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर अडकले. १७ एप्रिल २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यातल्या कारखान्यांवरच्या अशा मजुरांचा आकडा सुमारे १ लाख ३१ हजार सांगितला गेला. म्हणजे जवळजवळ महिनाभर ही माणसे ना गावची होती ना कारखान्याची. परत आल्यावर वेशीवर काट्या टाकलेल्या होत्या. कुणी रानात राहिले, कुणी शाळेत. 'उचल फिटली का?' आणि 'रोग आणला का?' हे दोन प्रश्न त्यांना एकाच दमात विचारले गेले. या माणसाला झोप लागत नसेल, तर त्याचा आजार त्याच्या डोक्यात शोधायचा की मुकादमाच्या वहीत? मी म्हणतो, दोन्हीकडे. वहीतली बाकी डोक्यात जाऊन बसते आणि तिथे तिचे खरेखुरे दुखणे होते. ते दुखणे तपासायला डॉक्टर हवाच. पण वही न वाचणारा डॉक्टर अर्धाच डॉक्टर.

'सामाजिक अंतर' या शब्दाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणावे असे सुचवले होते. तरी आमच्या भिंतींवर 'सामाजिक अंतर पाळा' हेच रंगवले गेले. ज्यांच्या पिढ्यांनी हे अंतर अंगावर भोगले, त्यांना ते आता आरोग्याचा नियम म्हणून वाचायला मिळाले. एका शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. मनाचा विषय शब्दांचाच असतो, एवढे मी उत्तर देईन.

आता मागे जाऊ. साथ आणि मनाचा आधार यांचे नाते आपल्या खेड्यांत नवे नाही. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. नैवेद्य व्हायचा, पोतराज अंगावर आसूड ओढायचा आणि गाडा शिवेपार नेऊन सोडला जायचा. पलीकडचे गाव तो पुढे ढकलायचे. याला अंधश्रद्धा म्हणून आपण सोडून दिले, ते योग्यच केले. पण समीक्षकाने क्षणभर थांबून ही व्यवस्था कशी चालत होती ते पाहायला हवे. साऱ्या गावाचे मन भीतीने गच्च भरलेले. ती भीती एका वस्तूत घालायची आणि हद्दीबाहेर पाठवायची. हा गावाचा मानसोपचारच होता, आणि त्याने गावाला रात्री झोपही लागत असेल. परंतु तो गाडा शिवेपर्यंत नेत कोण होते? आसूड कोणाच्या पाठीवर पडत होता? महार आणि मांग. गावाने आपली भीती वाहण्याचे कामसुद्धा आमच्याकडे दिले होते. बलुत्याच्या यादीत ते लिहिलेले नसेल, पण ते बलुतेच होते. आणि भीती वाहून परत आलेल्या माणसाच्या भीतीचे काय झाले, हे कुठल्याही गावाने विचारले नाही.

वाहण्याची दुसरी एक रीतही आपल्या इतिहासात आहे. प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. गाड्यात आजाराची भीती होती, सावित्रीबाईंच्या पाठीवर आजारी माणूस होता. मानसिक आधार या शब्दाचा अर्थ मला तरी या फरकापाशी सापडतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अंबाजोगाईत बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेल्याची बातमी देशभर गेली. संताप झाला, चौकशीची मागणी झाली. मृतांच्या विटंबनेवर जे लिहिले गेले ते आवश्यकच होते. पण मी वाट पाहत होतो ती दुसऱ्या एका वाक्याची. ते देह उचलणारे हात कोणाचे होते? त्या हातांना त्या रात्री घास गेला का? गावोगावच्या नगरपालिकांत सफाईची आणि मसणवट्याची कामे कोणत्या वस्त्यांतली माणसे करतात, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला मी सांगायला नको. गाडा गेला, गाडी आली.

याचा हिशेब मांडायला गेले तर कागद हाती लागत नाही. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत परकीय सरकारने मुंबई शहरातले मृत्यू जातवार मोजले होते. दर हजारी युरोपियन ८.३, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले ते ६१.६. तो तक्ता आजही बोलतो. आता आपल्या सरकारचा तक्ता पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या झाल्या, त्यांत ३७,६६६ रोजंदारीवरचे मजूर होते. पुढच्या वर्षी हे आकडे १,६४,०३३ आणि ४२,००४ झाले. सगळे साथीमुळे झाले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि तसे म्हणू नये. पण या तक्त्यांत मृताचा धंदा आहे, शिक्षण आहे, लग्न झाले होते की नाही तेही आहे. जात नाही. त्याआधीचे, २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्रच नव्हता. राज्यातली जुनी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली. मराठवाड्यात एकही नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ७ सप्टेंबर २०२० रोजी 'किरण' ही दूरध्वनी सेवा तेरा भाषांत सुरू केली, पुढे १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' आली. चांगल्या गोष्टी आहेत, कार्यकर्त्यांनी हा क्रमांक वस्तीत लिहून ठेवावा. पण फोन घरधन्याच्या खिशात असतो आणि दुखणे घरधनिणीला असते, एवढे तरी आखणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे होते.

इथपर्यंत मी प्रस्थापितांवर बोललो. आता आपल्याकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. दलित साहित्याने मराठीला वेदना, नकार आणि विद्रोह दिला. जात ही मनाची अवस्था आहे हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या शिकवणुकीच्या केंद्रस्थानी त्यांनी मनालाच ठेवले. इतका वारसा असताना आमच्या समीक्षेने मनाचा विचार किती केला? दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन झालेले आहेत. आम्ही त्याला निवेदनतंत्र म्हणून मोकळे झालो. खरे किती, आणि असे उघडे करावे का, यावर वाद घालत बसलो. माणूस दुभंगल्याशिवाय त्याला आपली गोष्ट सांगता आली नाही, हे त्या पुस्तकाचे पहिले विधान आहे, ते आम्ही वाचलेच नाही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आषाढात बायांच्या अंगात येते. आम्ही तिथे अज्ञान पाहिले. एरवी जिला कोणी विचारत नाही, तिच्यापुढे तेवढा वेळ घर वाकते, हेही तिथे दिसते. १९५६ नंतर आम्ही मरीआई सोडली ते बरे केले. पण घुसमटलेल्या बाईला बोलण्यासाठी तेवढाच एक दरवाजा होता, त्याच्या जागी दुसरा बसवायचे काम राहून गेले.

चळवळीनेही खचलेल्या माणसाला जागा दिली नाही. रडायचे नाही, लढायचे, ही घोषणा सभेत शोभते. साथीत रेशन वाटत फिरलेली पोरे पुढे महिनोन्‌महिने कुणाशी बोलत नव्हती, तेव्हा त्यांना 'गळाठला' म्हणणारे आपलेच होते. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, त्यानंतर आपण मोर्चे काढले आणि ते काढायलाच हवे होते. पण त्याच्यासारखा दुसरा मुलगा खोलीत बसून आहे, तो अजून जिवंत आहे, त्याच्याशी बोलायची भाषा आपण तयार केली का?

ती भाषा वस्तीत आहे, हे मला जास्त बोचते. नांदूरघाटच्या बाया 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. 'जीव थाऱ्यावर नाही', 'काळीज उडतंय', 'मन लागंना', 'नाही नाही ते येतंय मनात'. यातले प्रत्येक वाक्य वेगळ्या दुखण्याचे आहे. काळीज उडणारीला भीती आहे, मन न लागणारीचा रस गेला आहे, आणि जिच्या मनात नाही नाही ते येते तिला त्या रात्री एकटे ठेवता कामा नये. आशाताईंना हे कळते. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारले असते, तर पुस्तिका निम्म्या झाल्या असत्या आणि दुप्पट उपयोगी पडल्या असत्या.

बौद्ध परंपरेत किसा गोतमीची कथा आहे. मेलेले मूल घेऊन ती बुद्धाकडे आली. बुद्धाने तिला उपदेश केला नाही. जिथे कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, म्हणून तिला दारोदार पाठवले. ही कथा आपण मृत्यूच्या अटळपणासाठी सांगतो. मला तिच्यातले चालणे महत्त्वाचे वाटते. दर दारात तिला कुणी तरी आपला मेलेला माणूस सांगितला असेल, आणि तिने आपले मूल. २०२० मध्ये अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली, जलदान विधीही घरच्या घरी उरकावे लागले, विहारे बंद होती. ज्या बाया चारचार दिवस दुःखाच्या घरी बसून येत, त्या आपापल्या उंबऱ्यात बसल्या. मर्यादा उठली, तरी ते राहिलेले बसणे कोणी भरून काढले नाही. आणि गोतमी आमच्या वस्तीतली असती, तर गावातली किती दारे तिला उघडली असती, हा प्रश्न या कथेवर प्रवचन करणारे टाळतात.

साथीत प्रेते उचलणाऱ्यांपैकी कोणाचे आत्मकथन अजून माझ्या वाचनात आलेले नाही. ते आले तर त्यात विद्रोह असेलच असे नाही. 'डोळा लागला की गाडी दिसती', एवढेच कदाचित पानापानावर असेल. संपादकांनी ते साहित्यिक मूल्य नाही म्हणून परत पाठवू नये.