नाव ‘अवैध’ कसं असेल?

तर्कशास्त्रातला एक जुना भेद आपल्या परिचयाचा आहे. युक्तिवाद वैध असतो, विधान सत्य असतं. वैधता आकाराची, सत्यता आशयाची. आज हाच भेद आपण वेबवरच्या फॉर्मला लावून पाहू.

फॉर्म भरताना उत्तरांची जी तपासणी होते तिला व्हॅलिडेशन म्हणतात. एचटीएमएल ५ मध्ये त्यासाठी ‘रिक्वायर्ड’ आणि ‘पॅटर्न’ हे गुणधर्म आहेत. रकाना रिकामा राहिला किंवा मजकूर साच्यात बसला नाही, तर ब्राउझर फॉर्म पुढे पाठवत नाही. सोय चांगलीच आहे. पण तपासला जातो तो आकार. दहा आकडे आहेत एवढं यंत्राला कळतं. तो फोन आपलाच आहे का, हे कळत नाही.

आता ‘नावात फक्त अक्षरं हवीत’ हा नियम घ्या. युनिकोडमध्ये ‘र’ आणि ‘म’ ही अक्षरं, पण काना वेगळ्या वर्गातलं चिन्ह. फक्त अक्षरांचा वर्ग मान्य केला, की ‘राम’ नापास!

आमची एक विद्यार्थिनी आईचंच नाव लावते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना सक्तीचा होता. तिनं तो रिकामा ठेवला. लाल अक्षरांत ‘अवैध’ आलं. शेवटी तिनं तिथं एक टिंब टाकलं आणि फॉर्म गेला. म्हणजे टिंब वैध, आणि तिची खरी माहिती अवैध! आम्हाला यातलं दुःख तांत्रिक वाटत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव येतं. कागद बदलला; रकाने बदलले का, हे पाहायला हवं.

प्रोग्रामर म्हणेल, तपासलं नाही तर कचरा साठेल. बरोबर आहे. ब्राउझरमधली तपासणी चुकवता येते, म्हणून सर्व्हरवर ती पुन्हा करावीच लागते. आमचा आक्षेप तपासणीला नाही. पिनकोडला सहा आकडे हवेतच, कारण तिथं आकार ठरलेला आहे. नावाला असा ठरलेला आकार नाही. तिथं सक्ती केली, की माणूस खोटं लिहायला शिकतो.

म्हणून फॉर्म बांधणाऱ्यांना एकच विनंती: ‘अवैध’ लिहिण्याआधी विचारा, चूक माणसाची, की आपल्या रकान्याची? आता तुमचे प्रश्न घेऊ.