व्हॉट्सॲपवर आलंय, पण रावी कोण?

यवतमाळच्या बाजारात वऱ्हाडी बोलणारा 'मले व्हाट्सप करजो' म्हणतो. मोहल्ल्यात तेच 'मेरेकू व्हाट्सप कर दे' होते. बोली दोन, शब्द एक. मुळात हे एका अमेरिकन कंपनीचे नाव. ती कंपनी २००९ साली निघाली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती सुमारे १९ अब्ज डॉलरला घेतली. नावात 'काय चाललंय?' या अर्थाच्या इंग्रजी बोलाची कोटी होती. आपल्या तोंडी येताना ती कोटी गळून पडली आणि उरला तो नुसता ध्वनी. फारसी 'कागज'चा आपण 'कागद' केला, तसा याचाही 'व्हाट्सप' करून घेतला.

डालडा आणि झेरॉक्स याच वाटेने मराठीत आले. पण प्रत्येक नावाला हे भाग्य लाभत नाही. ऑर्कुट २००४ मध्ये आले, कॉलेजच्या मुलांत गाजले आणि सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस बंद झाले. 'ऑर्कुटवर आहेस का?' यापुढे ते नाव फारसे सरकले नाही. ते ठिकाण राहिले, क्रिया झाले नाही. इंग्रजीत नावाचे पहिले मोठे अक्षर लहान झाले की ते सामान्य शब्द झाले असे मानतात. देवनागरीत तशी सोय नाही. आपल्याकडची खूण म्हणजे 'करणे' हे क्रियापद. ते जोडले गेले की नावावर मालकाचा ताबा राहत नाही. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचे 'एक्स' झाले, तरी मराठी बातम्यांतले 'ट्वीट' गेले नाही. याउलट फेसबुकसाठी 'थोबाडपुस्तक' आणि व्हॉट्सॲपसाठी 'कायप्पा' हे आपल्याच लोकांनी घडवलेले गमतीदार शब्द. ते थट्टेपुरतेच राहिले. (मला 'कायप्पा' आवडतो, पण औषधाची चिठ्ठी कुणी 'कायप्पा करा' म्हणत नाही.)

इथवर तक्रारीचे कारण नाही. खरा प्रश्न दुसऱ्या एका वाक्याचा आहे: 'व्हॉट्सॲपवर आलंय.' या वाक्यात कर्ता कोण? पूर्वी ऐकीव गोष्टीला आपण 'म्हणे' जोडत असू. 'गावात वाघ आला म्हणे.' त्या एका शब्दात बोलणाऱ्याची सावधगिरी होती. 'व्हॉट्सॲपवर आलंय' म्हणताना ती उरत नाही, उलट पुरावा दिल्याचा आव येतो. पोस्टमनने आणले म्हणून पत्र खरे, असे आपण कधी म्हटले नव्हते.

हदीसच्या अभ्यासात मजकुराआधी सनद तपासतात: कोणी कोणाकडून ऐकले, त्यातला प्रत्येक रावी कसा. हाच 'सनद' शब्द मराठीत इनामाच्या, वकिलाच्या कागदाला लागला. 'व्हॉट्सॲपवर आलंय' या वाक्याला सनद नाही, रावी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी होते. मुले पळवण्याच्या अफवा त्या दिवसांत याच रस्त्याने फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने पुढे ढकललेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड'ची चिठ्ठी लावली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. चिठ्ठी एवढेच सांगते की मजकूर दुसऱ्याकडून आला. त्या दुसऱ्याचे नाव ती सांगत नाही.

या बदलाची दखल आपल्या लेखनाने अजून पुरेशी घेतलेली नाही. कथेत मोबाइल वाजतो, निरोप येतो, संपले. पात्र 'म्हणे' सोडून 'आलंय' म्हणू लागते तेव्हा त्याच्या मनात काय बदलते, ते लिहायचे राहून गेले आहे. 'व्हॉट्सॲप विद्यापीठ' ही थट्टा चांगली. पण तिच्यात हसणारा स्वतःला त्या विद्यापीठाबाहेरचा समजतो.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळलाच ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले. मंडपात न वाचले गेलेले त्यांचे भाषण मग वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून मराठीत सर्वदूर पोचले. त्या मजकुरावर बोलणारीचे नाव होते.