साहसखेळांतील गौण पात्रांचे प्राधान्य

संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत गौण पात्राचे स्थान निश्चित केलेले आढळते. धनंजयाच्या 'दशरूपका'त मुख्य कथेसोबत दूरवर चालणाऱ्या उपकथेस 'पताका' म्हटले असून तिच्या नायकास 'पीठमर्द' ही संज्ञा दिली आहे. तो मुख्य नायकाचा अनुचर, त्याच्यावर भक्ती असलेला आणि गुणांनी त्याच्याहून किंचित उणा असावा, अशी अपेक्षा आहे. रामकथेतील सुग्रीव हे पताकेचे नेहमीचे उदाहरण होय. या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत आहे : नायक स्वतः परिपूर्ण असतो आणि गौण पात्राचे तेज त्याच्याकडून उसने आलेले असते. कथाप्रधान व्हिडिओ गेम, विशेषतः ज्यास साहसखेळ म्हणतात तो प्रकार, हे गृहीत उलटे करतो. तेथे उणेपण असते ते नायकातच; आणि ते भरून काढण्याचे कार्य गौण पात्राकडे येते.

असे का व्हावे, याचे उत्तर या प्रकाराच्या घडणीत आहे. विल क्राउदर याने सुमारे 1976 मध्ये रचलेला आणि डॉन वुड्स याने 1977 मध्ये विस्तारलेला 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा या परंपरेचा आरंभ मानला जातो. त्यातील नायकास नाव नाही, पूर्ववृत्त नाही, स्वभावही नाही. खेळाडू आज्ञा टंकित करतो आणि गुहेतील मार्ग उलगडत जातो. नायकाचे कुतूहल हे खेळाडूचेच कुतूहल असते, त्याचे भय हे खेळाडूचेच भय. कादंबरीचा वाचक नायकाकडे पाहतो. साहसखेळाचा खेळाडू नायकाच्या जागी उभा राहतो. ज्याच्या जागी आपण स्वतः उभे आहोत, तो 'दुसरा' म्हणून प्रतीत होत नाही. परक्या इच्छेचा प्रत्यय यावयाचा, तर तो अन्य पात्रांकडूनच यावा लागतो. त्या गुहेत आडवे येणारे बुटके आणि संपत्ती पळविणारा चाचा हे अगदी ठोकळेबाज खरे; परंतु खेळाडूच्या इच्छेस विरोध करणारी इच्छा त्यांच्याच रूपाने प्रथम प्रकट होते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. साहसखेळांतील बहुसंख्य गौण पात्रे ही कुलुपे आणि किल्ल्या यांहून अधिक काही नसतात. एक पहारेकरी अमुक वस्तू मिळेपर्यंत वाट अडवितो, एक दुकानदार तमुक प्रश्नाला उत्तर देतो आणि काम सरताच दोघेही विस्मृतीत जातात. ई. एम. फॉर्स्टर याने 1927 मध्ये पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे जे वर्ग केले, त्यांत या सर्वांना पहिल्याच वर्गात घालावे लागेल. पण सपाटपणा हा स्वतः दोष नव्हे, हे फॉर्स्टरलाही मान्य होते. खरी कसोटी निराळी आहे : पात्राचे कथेतील कार्य आणि त्याचा स्वभाव ही दोन्ही एकरूप झाली आहेत, की स्वभाव हा कार्यावर चढविलेला केवळ मुलामा आहे?

या कसोटीवर उतरणारे पहिले मोठे उदाहरण म्हणजे इन्फोकॉम या संस्थेने 1983 मध्ये प्रकाशित केलेला स्टीव्ह मेरेट्झ्की याचा 'प्लॅनेटफॉल'. जहाज नष्ट झाल्यावर एका निर्जन ग्रहावर येऊन पडलेल्या कनिष्ठ खलाशाची ही कथा. तेथे त्यास फ्लॉइड नावाचा बालस्वभावी यंत्रमानव भेटतो. तो लपंडावाचा हट्ट धरतो, मधेच निरर्थक बडबडतो आणि अरुंद जागेतून वस्तूही आणून देतो. पुढे घातक प्राण्यांनी भरलेल्या प्रयोगशाळेतून एक आवश्यक कार्ड आणावयाचे असते, तेव्हा फ्लॉइड आपण होऊन पुढे सरतो. तो आत जाताच दार उघडण्याची, लावण्याची आणि पुन्हा उघडण्याची आज्ञा मात्र खेळाडूनेच द्यावयाची असते. बलिदान फ्लॉइडचे, पण दारावरचा हात खेळाडूचा. किल्ली आणणारे पात्र आणि जीव देणारे पात्र येथे एकच ठरते. संपूर्ण यशस्वी शेवटात फ्लॉइड दुरुस्त होऊन परततो; त्यामुळे शोकाची धार बोथट होते, हे या कृतीचे वैगुण्य मान्य केले पाहिजे.

टिम शेफर याच्या 'ग्रिम फॅन्डँगो' (1998) मध्ये नायकास नाव आणि स्वभाव दोन्ही आहेत. मॅनी कालाव्हेरा हा मृतांच्या लोकात प्रवासाची सोय लावणारा कारकून. त्याच्याविषयी खेळाडूस कुतूहल वाटते. तथापि कथेला ऊब येते ती ग्लॉटिस या धिप्पाड राक्षसामुळे. वाहन हाकणे हाच त्याचा जन्मधर्म. वेगावाचून तो खंगत जातो. कथेच्या चौथ्या वर्षात त्यास वाचविण्यासाठी मॅनीला धडपडावे लागते. सहायकाचाच सहायक होण्याची ही पाळी पीठमर्दाच्या जुन्या कल्पनेत बसणारी नाही. अखेरीस मॅनी गाडीने पुढील लोकी जातो आणि ग्लॉटिस मागे राहतो, कारण त्या लोकी त्यास प्रवेश नाही. ध्येयप्राप्तीची किंमत तेथे जाणवते.

तिसरे उदाहरण टेलटेल गेम्सच्या 'द वॉकिंग डेड' (2012) याचे. खुनाबद्दल शिक्षा झालेला ली एव्हरेट आणि त्याच्या आश्रयास आलेली आठ वर्षांची क्लेमेंटाइन यांची ही कथा पाच भागांत विभागलेली आहे. तिच्यासमक्ष केलेले वर्तन ती ध्यानात ठेवील, अशी सूचना पडद्यावर वेळोवेळी उमटते. खेळाडूच्या निवडींनी कथेचा ओघ फारसा पालटत नाही, ही टीका यथार्थ आहे. पण त्या निवडींचे मोल परिणामात नसून साक्षित्वात आहे. खेळाडू लबाडी करतो किंवा दया दाखवितो, तेव्हा पाहणारे एक मूल तेथे उभे असते. आगगाडीच्या प्रवासात ली तिला बंदूक चालविण्यास शिकवितो. शेवटी, दंश झालेल्या लीस गोळी घालावी की तसेच सोडून जावे, हे तिला सांगण्याची वेळ येते, तेव्हा ते शिक्षण शिकविणाऱ्याकडेच परतते.

या तीन कृतींवरून एक विधान करता येते. साहसखेळात कृती खेळाडूची असते, परंतु तिचा अर्थ गौण पात्राच्या ठायी साठतो. नायक कर्ता असतो. त्याच्या कृतीचे फळ भोगणारा, ते स्मरणारा किंवा त्यापायी मागे राहणारा कोणी दुसरा असतो. तो दुसरा नसेल, तर उरते ते केवळ कोडे, आणि सुटलेले कोडे पुन्हा आठवण्याचे कारण नसते. कथनशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे वळताना प्रथम नायकाचा शोध घेण्याची सवय बाजूस ठेवावी, हे उत्तम. येथे नायकाची जागा हेतुतः रिकामी ठेवलेली असते. तिच्याभोवती कोण उभे आहे, यावरच कृतीची योग्यता ठरवावी लागते.