एकटीचा प्रवास आणि दोघांची कादंबरी

आमच्या धर्मग्रामातील एक कन्या बारावीनंतर परिचारिकेच्या शिक्षणासाठी परदेशी निघाली, तेव्हा तिची आई स्नानसंस्काराचा दाखला नेण्यासाठी आमच्याकडे आली होती. दाखला हाती पडला तरी ती माउली उठेना. शेवटी म्हणाली, "फादर, हिला तुम्हीच काहीतरी सांगा. तिकडे एकटी कशी राहायची ही?" मुलगी शेजारीच बसली होती. उपदेश करण्यापेक्षा पुस्तक देणे बरे, असे आमचे जुने मत आहे. म्हणून आम्ही कपाटातून श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' काढून तिच्या हाती दिली आणि म्हणालो, "तुझ्याच वयाची एक मुलगी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेला गेली होती. तिला काय पडले ते वाचून बघ."

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आले. मुलीने ते मन लावून वाचले होते. तिने दिलेला अभिप्राय मात्र आम्हाला अनपेक्षित होता. ती म्हणाली, "फादर, पुस्तक फार छान आहे. पण यात गोपाळरावच जास्त आहेत. ती तिकडे एकटी असताना काय करायची, हे मला हवं होतं."

या एका वाक्याने आम्हाला ती कादंबरी पुन्हा वाचायला लावली. सेमिनरीत असताना आम्ही ती प्रथम वाचली, त्यानंतर निदान दोनदा तरी वाचली असेल, आणि दर वेळी आमचेही लक्ष गोपाळरावांवरच खिळून राहिले होते. असे का व्हावे, आणि त्या मुलीला हवे होते ते कोठे सापडेल, या दोन प्रश्नांचा विचार वाचकांसमोर मांडावा असे वाटले. आज आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली सतरा-अठराव्या वर्षी विमानतळावर निरोप घेतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ साहित्याचा राहिलेला नाही.

प्रथम हकिगत थोडक्यात पाहू. कल्याणच्या घराण्यातील यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणारे बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. ते तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठे होते. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि तिला शिकवण्याचा ध्यास घेतला. चौदाव्या वर्षी ती आई झाली. पण बाळ दहाच दिवस जगले. वैद्यकीय मदतीअभावी गेलेल्या त्या बाळाच्या दुःखातून डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय आकाराला आला. ७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून जहाजात चढली, तेव्हा तिला अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या; पण नात्याचे, जातीचे, भाषेचे एकही माणूस नव्हते. जूनच्या आरंभी ती न्यूयॉर्कला उतरली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी तिने एम. डी. ही पदवी मिळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तली. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला होता.

१९६८ साली प्रसिद्ध झालेल्या जोशी यांच्या कादंबरीने ही हकिगत मराठी मनात कायमची कोरली. तिचे श्रेय लहान नाही. गोपाळराव हे पात्र आपल्या साहित्यातील अविस्मरणीय पात्रांपैकी एक आहे. हट्टी, तापट, लहरी; बायकोला शिकवण्यासाठी जगाशी भांडणारा, आणि त्याच शिक्षणासाठी तिच्यावर हात उगारणारा असा हा माणूस. त्याला सरळ खलनायक करण्याचा किंवा सुधारकांच्या देव्हाऱ्यात बसवण्याचा, असे दोन्ही मोह लेखकाने टाळले आहेत. हे मोठ्या लेखकाचे लक्षण होय.

परंतु या यशातच कादंबरीची मर्यादाही दडलेली आहे. ग्रंथाचे नाव पाहावे. ते दोघांचे आहे. पती एकीकडे आणि पत्नी दुसरीकडे, अशा ताणावर सगळी कथा उभी आहे. दोघे एका छपराखाली आहेत तोवर ताण जिवंत राहतो आणि लेखणी वेगाने चालते. जहाज बंदर सोडते आणि हा ताण सैल होतो. आमच्या वाचनापुरते सांगायचे तर, कल्याणचे आणि अलिबागचे घर आम्हाला डोळ्यांपुढे दिसते. फिलाडेल्फियाची खोली तशी दिसत नाही. जी गोपाळरावांची निर्मिती म्हणून आपल्याला भेटली, ती त्यांच्यावाचून काय झाली, हे सांगायला कादंबरीच्या रचनेत पुरेशी जागाच नाही. २०१९ साली समीर विद्वांस यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट आला. त्याचेही नाव दोघांचेच.

मग ती एकटी कोठे भेटते? त्यासाठी कादंबरीच्या मागे, मूळ साधनांकडे जावे लागते.

पहिले साधन म्हणजे तिचे भाषण. गोपाळराव त्या वेळी बंगालमध्ये श्रीरामपूरला पोस्टमास्तर होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. विल्यम केरी यांच्यामुळे हे गाव आपल्याला परके नाही; १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले गेले ते याच श्रीरामपुरात. आपल्यावर जे प्रश्न फेकले जात होते तेच तिने एकामागून एक घेतले आणि त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेलाच का, इथे सोय नाही का, परतल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय, संकट आले तर काय, कोणा बाईने केले नाही ते तूच का करतेस. या प्रश्नांत एक असाही होता, की एकटीच का जातेस? त्याचे उत्तर आमच्या मते साऱ्या भाषणात अधिक मोलाचे आहे. कारण त्यात वीरश्री अजिबात नाही. दोघांनी मिळून जायचे ठरले होते, पण पैसा नाही आणि घरची वडील माणसे व धाकटे भाऊ पतीवर अवलंबून आहेत, असे ती सरळ सांगते. एकटे जाणे हे तिने मिरवले नाही. ती घरची अडचण होती, आणि त्या अडचणीतून तिने वाट काढली. परदेशगमनाला साहसकथेचा मुलामा देणाऱ्या आजच्या जाहिरातींशेजारी हे उत्तर ठेवून पाहावे.

दुसरे साधन म्हणजे तिची पत्रे. काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले, त्यात पत्रांना मानाचे स्थान आहे. काशीबाई स्वतः संसारात राहून, पतीच्या प्रोत्साहनाने, चोरून-लपून अक्षर गिरवत मोठ्या झाल्या होत्या. म्हणून आनंदीबाईंच्या शब्दांतील अर्धे न बोललेलेही त्यांना ऐकू आले असावे. या चरित्राची भाषा जुन्या वळणाची आहे आणि गुणगौरवाचा सूर अधूनमधून चढा लागतो. तरीही नायिकेला स्वतःच्या तोंडाने बोलू देण्याचा विवेक तिथे आहे, आणि तो आम्हाला फार मोठा वाटतो. पुढे १९९७ साली अंजली कीर्तने यांनी विस्तृत चरित्र लिहून हे काम आणखी पुढे नेले.

अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई आपल्या बालपणाचा हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्या एकेक करून लिहितात. नंतर जे लिहितात ते आम्ही कितीदा तरी वाचले आहे. तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे कठीण, असा त्याचा आशय आहे. अंतिम हेतू पाहिला तर ते योग्य ठरेल. पण कोवळ्या मनावर काय परिणाम होईल हे पाहिले तर ते चुकीचेच होते.

वाचकहो, आमच्या मते आनंदीबाई स्वतंत्र झाल्या त्या येथे. ज्याने आपल्याला घडवले त्याचे ऋण न नाकारता, त्याच्या दोषाला दोष म्हणता येणे ही प्रौढ मनाची खूण होय. यात बंड नाही. नाते तोडण्याची भाषा नाही. पण भीतीही उरलेली नाही. एका घरात राहून हे वाक्य त्यांना लिहिता आले असते का? आम्हाला तसे वाटत नाही. मधे समुद्र होता म्हणून ते कागदावर उतरले. एकट्याच्या प्रवासाने जे शिकवले ते हेच. तिकीट काढणे, परक्या भाषेत बोलणे, स्वतःचे जेवण रांधणे, ही सारी त्याची बाह्य अंगे.

अशीच गोष्ट पेहरावाची. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, आहार-वेष बदलणार नाही, असे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केले होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीचा निभाव लागेना. तेव्हा त्यांनी साडी सोडली नाही, गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. अंगही झाकले गेले आणि शब्दही राहिला. शब्द कोणता पाळायचा आणि त्याचा कोणता भाग हवेपुढे वाकवायचा, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतः ठरवले.

आता आपल्याला टोचणारा भाग. गोपाळरावांनी अमेरिकेत शिक्षणाची सोय व्हावी म्हणून प्रथम मदत मागितली ती एका मिशनरीकडे, रॉयल वाइल्डर यांच्याकडे. त्यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो वाचला. ख्रिस्ती घरातील या गृहिणीने कोणतीही अट न घालता त्या मुलीला पत्र लिहिले, आणि पुढे स्वतःच्या घराचे दार उघडले. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. एकाच नियतकालिकाच्या पानावर एका ख्रिस्ती माणसाचे उत्तर होते आणि त्याच पानाच्या वाचनातून दुसऱ्या ख्रिस्ती स्त्रीची कृती जन्मली. यातून ख्रिस्ताचे दर्शन कोणी घडवले, हे आम्ही सांगायला नको. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये जगापुढे मांडले. रोझेलच्या त्या बाईंनी ते ऐंशीहून अधिक वर्षे आधी आचरले होते.

पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, ही गोष्टही विसरता येत नाही. आनंदीबाई ज्या वर्षी अमेरिकेला गेल्या त्याच वर्षी, १८८३ मध्ये, रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. दोघी नात्याने जोडलेल्या. दोघींनी समुद्र ओलांडला, एकीने श्रद्धा बदलली, दुसरीने राखली, आणि एकीच्या आनंदासाठी दुसरी महासागर पार करून आली. मुलांना परदेशी पाठवताना "तिकडे तिची श्रद्धा टिकेल ना?" असे आम्हाला विचारले जाते. आनंदीबाईंची टिकली, कारण ती कोणाच्या पहाऱ्यावर उभी नव्हती. घरात केवळ धाकाने म्हटलेली रोझरी विमानतळाच्या पलीकडे जात नाही. समजून म्हटलेली जाते.

मात्र या कथेला यशोगाथा म्हणून गोड करून सांगणे आम्हाला मान्य नाही. परक्या हवेने, अपुऱ्या आहाराने आणि आजाराने त्या मुलीचे शरीर खचले. कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे काम तिच्यासाठी ठरले होते. ते तिच्या हातून व्हायचे नव्हते. तिच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. स्वातंत्र्याची किंमत तिने मोजली, आणि ती कोणी वाटून घेऊ शकले नाही. आज मुलाला पाठवणाऱ्या आईबापांनी फीचा हिशेब करतो त्याच वहीत त्याच्या जेवणाचा, उबेचा आणि एकटेपणाचाही हिशेब मांडावा. "तू कशी आहेस?" हा प्रश्न "मार्क किती पडले?" या प्रश्नाच्या आधी विचारावा.

मंदिरात हरवलेल्या बारा वर्षांच्या येशूला मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत होते, हे आपण संत लूकच्या शुभवर्तमानात वाचतो. त्याचे उत्तर त्यांना तेव्हा उमगले नाही; मरियेने ते अंतःकरणात जपून ठेवले. मुलाचे उत्तर न समजूनही जपून ठेवणे, हे आईबापांच्या वाट्याचे काम आहे. आनंदीबाईंच्या त्या कठोर पत्राचे गोपाळरावांनी काय केले असेल, असा विचार मनात येतो. पत्र आज आपल्याला वाचायला मिळते, म्हणजे ते फाडले गेले नाही, एवढे तरी खरे.

'आनंदी गोपाळ' वाचू नये असा आमचा मुळीच आग्रह नाही. ती वाचावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. ती कादंबरी आपल्याला बंदरापर्यंत उत्तम सोबत करते. पुढच्या प्रवासाला पत्रे हवीत.

ती मुलगी आता तिकडे पोहोचली आहे. निघण्यापूर्वी आम्ही तिला सांगितले, "बाळ, आईला दररोज फोन कर. पण महिन्यातून एकदा हाताने पत्र लिही, आणि फोनवर सांगता येणार नाही ते त्यात लिही." तिच्या आईलाही वेगळे बोलावून एक गोष्ट सांगितली. ते पत्र वाचून डोळ्यांत पाणी आले तरी चालेल, पण ते जपून ठेवावे. पहिले पत्र आले आहे, असे परवा मिस्सेनंतर ती माउली सांगून गेली. त्यात काय आहे हे तिने सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.