‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ : एका गोपनीय अहवालाची वृत्तपत्री भाषा

मराठीत अकर्मक ‘फुटणे’ आणि त्यावरून साधलेले सकर्मक ‘फोडणे’ ही जोडी व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. मडके फुटते, बांध फुटतो, परीक्षेचा पेपर फुटतो; कोणी फोडला हे सांगण्याचे दायित्व वाक्यावर पडत नाही. ‘फोडला’ म्हटले की मात्र कर्ता हजर करावा लागतो, निदान त्याच्याकडे बोट तरी दाखवावे लागते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रात पोलीस खात्यातील बदल्यांविषयीच्या गुप्त अहवालावरून जो गदारोळ झाला, त्याचे वृत्तलेखन तपासताना या जोडीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. २० मार्चला मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर वसुलीचा आरोप करणारे पत्र प्रकाशात आले. २३ मार्चला विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत, राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पोलीस महासंचालकांना पाठविलेल्या अहवालाचा हवाला दिला आणि आपल्यापाशी ६.३ जीबी इतकी सामग्री असल्याचे सांगून ती केंद्रीय गृहसचिवांच्या हवाली केली. दोनच दिवसांनी मुख्य सचिव सीताराम कुंटे यांचा अहवाल आला. दूरध्वनी ऐकण्याची परवानगी दिशाभूल करून मिळविली गेली, आणि अहवाल शुक्ला यांच्याकडूनच बाहेर गेल्याचे दिसते, असा त्याचा आशय होता. २६ मार्चला मुंबईच्या सायबर पोलिसांनी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आणि अन्य कायद्यांखाली अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदविला.

एकाच कृतीला येथे तीन नावे मिळाली. सरकारपक्षाच्या लेखी अहवाल ‘फोडला’ गेला होता. विरोधकांच्या लेखी त्यातील व्यवहार ‘उघडकीस आणला’ गेला होता. आपण तटस्थ आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्या लेखी तो ‘फुटला’ होता. पहिली दोन क्रियापदे पक्षपाती आहेत हे कोणीही ओळखील. तिसरे निरुपद्रवी भासते, आणि वस्तुतः तेच अधिक विचारात घेण्याजोगे आहे. ‘फुटला’ म्हणताच लक्ष पात्राकडे जाते, पात्रात काय होते त्याकडे जात नाही. पैसे देऊन बदल्या होतात काय, हा त्या अहवालाचा विषय होता. या प्रश्नाला ‘फुटणे’ कवेत घेत नाही. ‘फोडणे’ तर त्याला ओलांडूनच पुढे जाते.

‘गोपनीय’ या विशेषणाची गोष्ट आणखी निराळी. शासकीय मराठीत ‘गोपनीय’ आणि ‘गुप्त’ यांच्या पायऱ्या वेगळ्या मानल्या जातात. वृत्तपत्रांनी त्या पुसून सरसकट ‘गोपनीय अहवाल’ केला. आता, गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गावातील एखादा प्राथमिक शिक्षक किंवा तहसील कचेरीतील लिपिक घेतला, तर त्याच्या व्यवहारात ‘गोपनीय अहवाल’ या शब्दांना एक ठरीव अर्थ आहे: वर्षाअखेर वरिष्ठाने आपल्याविषयी लिहिलेला शेरा, म्हणजे ‘सी. आर.’. अशा वाचकाला मथळा प्रथम कसा लागत असेल, याचा विचार मुंबई-पुण्याच्या संपादकीय कक्षांत झाला असेल असे वाटत नाही. त्यातच या भागात मराठी दैनिकाशेजारी हिंदी दैनिक वाचण्याची रीत आहे. हिंदीत कागद ‘लीक’ होतो, आणि त्या परक्या शब्दात मराठी जोडीतील कर्त्याचा प्रश्न तितक्या टोकदारपणे उभा राहत नाही.

पक्षांच्या मुखपत्रांनी आपापली बाजू सांभाळली, असे सरसकट विधान करणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. ‘सामना’तील आपल्या २८ मार्चच्या लेखात संजय राऊत यांनी देशमुखांना गृहमंत्रिपद अपघाताने मिळाल्याचे लिहिले. स्वपक्षाच्या आघाडीतील मंत्र्याविषयी हा सूर अनपेक्षित होता.

जुन्या प्रकरणाशी तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या म्हणून मिळालेल्या पत्रांच्या आधारे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लेखन केले. ती पत्रे बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तेथे सारा वाद कागद खरा की खोटा यावर होता. २०२१ मध्ये अहवाल लिहिला गेला होता हे कोणी नाकारले नाही. वाद तो कोणाच्या हातून कोठे गेला, यावर झाला. आगरकरांच्या पिढीला कागदाच्या सत्यतेची किंमत शिक्षा भोगून मोजावी लागली. कागद खरा असूनही त्यातील मजकुराची शहानिशा मागे पडावी, ही अवस्था त्या पिढीच्या अनुभवाबाहेरची होती.

मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी फडणवीस यांच्या निवासस्थानी जाऊन त्यांचा जबाब घेतला. तेव्हाही वाद शब्दावरच आला. गृहखात्याच्या मते तो केवळ ‘जबाब’ होता. फडणवीस यांच्या मते प्रश्न आरोपीला विचारावे तसे होते. ‘जबाब’ साक्षीदार देतो आणि आरोपीही देतो; ‘चौकशी’ मात्र कोणाची तरी होते. या षष्ठीत सारे राजकारण साठले होते. त्याच सुमारास विधानसभेत सादर झालेल्या ध्वनिचित्रफितींना ‘पेन ड्राइव्ह बॉम्ब’ हे नाव मिळाले. आदल्या वर्षीचा ‘लेटर बॉम्ब’ लोकांच्या स्मरणात होताच. स्फोट झाला म्हणायचे आणि ढिगाऱ्याखाली काय सापडले ते सांगायचे नाही, ही या रूपकाची सोय.

सत्ताबदलानंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि पुढे त्या विभागाचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला. या प्रदेशाशी थेट नाते असलेली बाजू निराळीच आहे. भंडारा-गोंदियाचे माजी खासदार नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला की २०१६-१७ मध्ये आपला दूरध्वनी ‘अमजद खान’ या नावाखाली ऐकला जात होता. पुण्यात त्यावरून गुन्हा दाखल झाला. मुंबईतील दुसऱ्या गुन्ह्यासह तो सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कुडव्याच्या मतदाराने ज्याला २०१४ मध्ये निवडून दिले, त्याचे नाव सरकारी कागदावर दुसरेच लिहिले गेले होते काय, हा प्रश्न पुढच्या बातम्यांत ‘टॅपिंग प्रकरण’ या दोन शब्दांत मावला.