शिल्पातील समीक्षा : लॉर्ड रोनाल्ड गॉवर

ऑस्कर वाइल्डच्या ‘डोरियन ग्रे’मधील लॉर्ड हेन्रीचे संभाव्य मूळ, एवढ्यावरच सदरलंडच्या ड्यूकचा पुत्र रोनाल्ड गॉवर (१८४५–१९१६) याची बोळवण होते. या चरित्रशोधात शिल्पकार गॉवर हरवतो. १८८८ साली स्ट्रॅटफर्ड येथे अनावरण झालेले त्याचे शेक्सपिअर-स्मारक ही वस्तुतः समीक्षाच आहे. मध्यभागी उंचावर नाटककार. भोवती हॅम्लेट, लेडी मॅकबेथ, फॉल्स्टाफ आणि राजपुत्र हॅल, म्हणजे अनुक्रमे तत्त्वचिंतन, शोकात्मिका, सुखात्मिका आणि इतिहास. मात्र फॉल्स्टाफ आणि हॅल हे ‘चौथा हेन्री’ या एकाच कृतीतले सोबती. शेक्सपिअरने साधलेली हास्य-इतिहासाची गुंफण येथे दोन स्वतंत्र मूर्तींत विलग होते. नाटकापेक्षा पात्राला स्वायत्त मानणाऱ्या व्हिक्टोरियन दृष्टीची ही मर्यादा गॉवरच्या चरित्रातून नव्हे, त्याच्या ब्राँझमधूनच वाचता येते.